पायाखालचा दाब मोजणारा लवचीक सेन्सर: चपलेत टिकेल असा कसा बनवायचा?

रेवा

या साइटवर छपाईवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले आणि दवाखान्यात काम करणारे असे सगळे आहेत आणि मला या सगळ्यांचीच मदत हवी आहे, म्हणून हा धागा. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मधुमेहामुळे तळपायाची संवेदना गेलेल्या माणसाच्या चपलेत बसेल असा, दाब मोजणारा इनसोल बनवायचा आहे. आपल्याला कुठे टोचायला लागलं की आपण नकळत पाय तिरका टाकतो, लंगडतो. संवेदना गेलेला माणूस त्याच जागेवर भार टाकत राहतो. तिथे घट्टा होतो, घट्ट्याखाली रक्त साकळतं, आणि मोज्याला डाग दिसेपर्यंत जखम होऊन गेलेली असते. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. चपलेतला दाब मोजायच्या चांगल्या यंत्रणा जगात आहेत, पण त्या मोठ्या संस्थांच्या प्रयोगशाळांत. तालुक्याच्या दवाखान्यात त्या पोचणं अवघड आहे.

किती दाब धोक्याचा? एकदा जखम होऊन बरी झालेल्या पायासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात की चपलेतला कमाल दाब २०० किलोपास्कलच्या खाली ठेवा, नाहीतर निदान ३० टक्क्यांनी उतरवा. २०० किलोपास्कल म्हणजे १ चौरस सेंटिमीटरवर, करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, साधारण २ किलो वजन. हा आकडा डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवती आहे.

लवचीक दाब सेन्सरवरचे शोधनिबंध वाचायला घेतले की बहुतेकांत पहिली बढाई सेन्सिटिव्हिटीची असते, म्हणजे थोड्याशा दाबाला सिग्नल किती हलतो त्याची. २०१० साली स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटाने सिलिकॉन रबरावर सूक्ष्म पिरॅमिड उठवून कपॅसिटिव्ह सेन्सर केला, म्हणजे दाबाने दोन इलेक्ट्रोड जवळ आले की वाढणारा कपॅसिटन्स मोजणारा. सेन्सिटिव्हिटी दर किलोपास्कलला ०.५५, आणि अगदी ३ पास्कलपर्यंतचा दाब कळतो, म्हणजे माशी बसली तरी समजतं. काम फार सुंदर आहे, मी ते पुन्हापुन्हा वाचलंय. पण ही सेन्सिटिव्हिटी २ किलोपास्कलच्या आतली आहे. पायाखाली त्याच्या शंभरपट दाब येतो आणि तिथे ते पिरॅमिड केव्हाच सपाट झालेले असतात. मनगटावरची नाडी मोजायला ते योग्य, टाचेखाली नाही.

पायाखाली मला तीन गोष्टी हव्यात. भार चढताना आणि उतरताना त्याच वजनाला तेच रीडिंग यावं. माणूस रेशनच्या रांगेत अर्धा तास उभा राहिला तर रीडिंग आपोआप वर सरकू नये. आणि आज छापलेला सेन्सर आणि पुढच्या महिन्यात छापलेला सेन्सर सारखे निघावेत. सेन्सिटिव्हिटी यानंतर. नवीन मंडळी नेमकी उलट्या क्रमाने जातात असं मला दिसतं.

पर्याय असे. पीव्हीडीएफ या प्लॅस्टिकची फिल्म, जिचा पीझोइलेक्ट्रिक गुण (दाबलं की चार्ज तयार होणं) कावाई यांनी १९६९ साली दाखवला, ती चालताना झकास सिग्नल देते. पण स्थिर भाराचा चार्ज गळून जातो, उभा राहिलेला माणूस तिला दिसतच नाही. बाद.

रेझिस्टिव्ह प्रकारात वेलोस्टॅट सगळ्यांच्या ओळखीचा. आयसी स्थिर विजेपासून वाचवायच्या पिशव्यांची ती काळी शीट, प्लॅस्टिकमध्ये कार्बन ब्लॅक मिसळलेली, सुमारे ०.१ मि.मी. जाड. स्वस्त, कात्रीने कापता येते, आणि दाबली की रोध उतरतो. पण दाब धरून ठेवला की कार्बनचे कण हळूहळू एकमेकांच्या जवळ सरकत राहतात आणि रीडिंगही सरकतं. तयार मिळणाऱ्या चांगल्या फोर्स सेन्सिंग रेझिस्टरच्या डेटाशीटमध्येसुद्धा वेळ दसपट झाला की ५ टक्क्यांपर्यंत ड्रिफ्ट लिहिलेला असतो, आणि एका नगापासून दुसऱ्या नगात ६ टक्क्यांचा फरक वेगळाच. घरी कापलेल्या वेलोस्टॅटचं तर विचारूच नका.

म्हणून माझा कल कपॅसिटिव्हकडे आहे. वर-खाली पेटवर (पॉलिएस्टरच्या प्लॅस्टिक फिल्मवर) छापलेले इलेक्ट्रोड, मध्ये सिलिकॉनचा थर, बाहेरून शील्ड, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणारा थर. विचारायचंय ते हे:

सेन्सर किती हवेत आणि कुठे? म्युनिकच्या नोव्हेल कंपनीच्या पेडार इनसोलमध्ये ९९ असतात. मला ८ परवडतील.
चांदीची शाई छापायची तर काय सांभाळायचं?
आणि घाम. घामाचं काय करायचं?

---

सुमेधा_फिजिओ

रेवा, अगदी मनापासून धन्यवाद या धाग्यासाठी. आमच्या ओपीडीत असे पाय रोज येतात.

आठ पुरतील, पण जागा नीट निवडल्या तर. अंगठा, अंगठ्यामागच्या हाडाचं डोकं, त्याच रांगेतली दुसरी, तिसरी आणि पाचवी डोकी, पायाची बाहेरची कड आणि टाचेला दोन. बहुतेक जखमा पायाच्या पुढच्या भागात होतात, त्यामुळे टाचेवर जास्त सेन्सर खर्चू नका.

पण पुस्तकातला पाय आणि पेशंटचा पाय वेगळा असतो. बोटं वाकडी होऊन आखडली की त्यांच्यामागची हाडं खाली येतात आणि त्यांच्याखालची चरबीची गादी पुढे सरकते. शार्को (संवेदना गेलेल्या पायातली हाडं-सांधे खचण्याचा विकार) झालेल्या पायाची कमान बसते आणि सगळा भार मधोमध येतो, जिथे तुमचा एकही सेन्सर नसेल. म्हणून आधी ठसा घ्या. हॅरिस मॅट म्हणून एक शाई लावलेली रबरी चटई असते, कमी-जास्त उंचीच्या रेघांची. तिच्यावरून चालवलं की जास्त दाबाच्या जागी कागद काळा होतो. त्या ठशावर सेन्सरच्या जागा ठरवा. वीज नको, मोबाइल नको.

इतिहासातलं एक सांगते, कारण ते आपल्या देशातलं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर काम करत होते. बोटं रोगाने झडत नाहीत, संवेदना गेल्यामुळे रोजच्या वापरात इजा होऊन जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात असताना त्यांनी पायात घालायचा असा मोजा वापरला की ज्यातल्या बारीक कुप्या जास्त दाबाच्या जागी फुटायच्या आणि तिथे रंग उमटायचा. हे १९६० च्या दशकातलं. तुम्ही करताय ते त्याच वाटेवरचं आहे. आज आम्ही मधुमेहींना देतो त्या एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर, बारीक छिद्रांचं मऊ रबर) चपलाही कुष्ठरोगाच्या कामातूनच आल्या.

एक विनंती. इनसोल बुटाचा बनवू नका. आपल्याकडे माणूस बाहेर पट्ट्याची चप्पल घालतो आणि घरात अनवाणी असतो, देवळात तर नक्कीच. दिवसातले कितीतरी तास इनसोलला पाय दिसणारच नाही. घरात घालायची एमसीआर चप्पल हीच तुमची जागा. पट्टा मागून बांधलेला हवा. अंगठ्याने धरायची चप्पल संवेदना नसलेल्या पायातून सटकते आणि माणसाला कळतही नाही.

---

जाळीवाला

आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं काम, मेम्ब्रेन कीपॅड छापतो. वॉशिंग मशीनच्या बटणांच्या मागे असतं ना, चांदीचं सर्किट छापलेलं पेट, तेच. ताई, तुमचा इलेक्ट्रोड म्हणजे आमच्यासाठी मोठं बटण. जमेल.

आता सांभाळायचं काय ते सांगतो.

पेट आधी भाजून घ्या. छपाईनंतर शाई १२०-१३० डिग्रीला ओव्हनमध्ये पक्की करावी लागते आणि त्या उष्णतेला साधं पेट आकसतं. पहिला थर छापला, भाजला, दुसरा थर बसवायला गेलात की रजिस्ट्रेशन, म्हणजे थरावर थर नेमका बसणं, गेलं. हीट-स्टॅबिलाइज्ड पेट घ्या, आणि तेसुद्धा कोरं असतानाच एकदा ओव्हनमधून काढा. जे काही आकसायचं ते तेव्हाच आकसू दे.

चांदीची शाई डब्यात तळाला बसते. वरची पातळ शाई छापली तर रेघ दिसायला छान आणि मीटर लावला की रोध दुप्पट. चमच्याने तळापासून हळू ढवळा. मिक्सरने ढवळली की हवा शिरते आणि छपाईत सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. जाळी पॉलिएस्टरची, सेंटिमीटरला ७७ ते १२० धागे. मी जाडसर थरासाठी ७७ घेईन.

चांदी ओलाव्यात चालते, हे विसरू नका. दोन रेघा जवळ, मध्ये ओल, वर डीसी व्होल्टेज, की चांदीचे झाडासारखे फाटे फुटत एका रेघेतून दुसऱ्या रेघेत जातात आणि शॉर्ट. कीपॅडमध्ये आम्ही चांदीवर कार्बनची शाई मारतो, कडा झाकून. तुमच्याकडे घाम म्हणजे मिठाचं पाणी, तेव्हा कार्बन हवाच. रेघांमधलं अंतर जेवढं देता येईल तेवढं द्या. सतत डीसी ठेवू नका.

आणि चवडा जिथे वाकतो ती रेघ आर्टवर्कवर, म्हणजे छपाईच्या नकाशावर, आधी आखा. त्या रेघेवर इलेक्ट्रोडची कड येऊ द्यायची नाही. बोटांकडच्या सेन्सरच्या तारा ती रेघ ओलांडणारच, तिथे रुंद आणि सरळ घ्या, वळण देऊ नका. कनेक्टरची शेपटी कमानीच्या बाजूने बाहेर काढा, तिथे पाय सर्वांत कमी वाकतो.

---

ईअँडटीसी_थर्ड_इयर

रेवा ताई, आमचा मिनी प्रोजेक्ट जवळजवळ हाच आहे. वेलोस्टॅट, वर-खाली तांब्याच्या टेपच्या पट्ट्या, ४ बाय ४ मॅट्रिक्स, वाचायला ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर. दोन अडचणी आहेत. एकच वजन ठेवलं तरी दर वेळी वेगळं रीडिंग येतं. आणि तीन कोपरे दाबले की चौथा कोपरा कोणी हात न लावता दाबल्यासारखा दिसतो. गाइड म्हणतात मशीन लर्निंगने करेक्शन करा. प्लीज सांगा.

---

रेवा

@ईअँडटीसी_थर्ड_इयर, आधी चौथा कोपरा. सध्याच्या मांडणीत करंट तुम्ही निवडलेल्या ओळीतून थेट निवडलेल्या स्तंभात जातोच, पण दाबलेल्या बाकीच्या तीन बिंदूंतून वळसा घालूनही तिथेच पोचतो. उपाय असा की ज्या ओळी वाचत नाही त्या सगळ्या ग्राउंडला बांधायच्या, आणि प्रत्येक स्तंभ ऑप-ॲम्पच्या (ॲम्प्लिफायर चिपच्या) उलट्या इनपुटला जोडून शून्य व्होल्टला धरून ठेवायचा. दोन्ही टोकं शून्यावर असली की वळशाच्या वाटेतून करंट जायला कारणच उरत नाही. ओळी नुसत्या मोकळ्या सोडल्या तर हा दोष जात नाही.

ईएसपी३२ वर एडीसी१ च्या पिना वापरा (एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग). वायफाय चालू असताना एडीसी२ वापरता येत नाही. शिवाय त्या एडीसीच्या दोन्ही टोकांना रेषा वाकडी असते, तेव्हा सिग्नल मधल्या पट्ट्यात ठेवा.

आता वजनाचं. वजन थेट शीटवर ठेवू नका, तळ थोडा जरी खडबडीत असला तरी दर वेळी वेगळ्या जागी टेकतो. ११.३ मि.मी. व्यासाची सपाट चकती करून घ्या. तिचं क्षेत्रफळ बरोबर १ चौरस सेंटिमीटर येतं, म्हणजे १ किलोला ९८ किलोपास्कल असा सरळ हिशेब. चकतीखाली पातळ रबर लावा. मोजायच्या आधी सेन्सर पूर्ण भाराने काही वेळा दाबून सोडा, नवी शीट पहिल्या दाबांना वेगळी वागते. मग १, २, ३, ४, ५ किलो चढवत जा आणि त्याच पायऱ्यांनी उलट उतरवा. आलेख रोधाचा काढू नका, त्याच्या व्यस्ताचा म्हणजे वाहकतेचा काढा. तो बराचसा सरळ येतो आणि चढती-उतरती रेघ किती फाटते ते डोळ्याला दिसतं. शेवटी २ किलो ठेवून अर्धा तास सोडा आणि मिनिटामिनिटाला नोंद घ्या. हा अर्ध्या तासाचा आलेख ज्या रिपोर्टमध्ये नाही त्या सेन्सरवर मी विश्वास ठेवत नाही.

मशीन लर्निंगबद्दल तुमच्या गाइडशी मी सहमत नाही. ड्रिफ्ट आत्ताच्या भारावर अवलंबून नसतो, मागच्या तासाभरात काय काय भार येऊन गेला त्यावर असतो. सेन्सर दर वेळी तसाच चुकत असेल तर गणिताने दुरुस्त होतो. दर वेळी वेगळा चुकत असेल तर मॉडेल फक्त तुमच्या टेबलावरचा डेटा पाठ करतं, आणि दुसऱ्याच्या पायात गेलं की कोसळतं. आधी यांत्रिक बाजू घट्ट करा.

---

कालवाकाठचा

नमस्कार, नेदरलँड्समधल्या आयंडहोव्हनहून. इथे लवचीक इलेक्ट्रॉनिक्समध्येच काम करतो, त्यामुळे राहवलं नाही.

रेवा, सिलिकॉनचा सपाट अखंड थर टाकणार असाल तर थांबा. रबराचं आकारमान दाबाने जवळजवळ बदलत नाही. ते दबतं म्हणजे बाजूला सरकतं. दोन पेटच्या मध्ये सगळीकडे चिकटवलेल्या पातळ थराला बाजूला सरकायला जागाच नसते. गच्च भरलेल्या एसटीत दारातून कितीही रेटलं तरी माणूस आत जात नाही, तसं. जागा द्यावी लागते: खांब, खाचा, भोकं किंवा फोमसारखी छिद्रं. स्टॅनफर्डच्या पिरॅमिडचं खरं काम तेच होतं, रबराला हवेत पसरायला जागा देणं. तुम्हाला तो मायक्रॉनचा आकार नको, २०० च्या पुढे ५०० किलोपास्कलपर्यंत सपाट न होणारे आखूड, जाड खांब हवेत. उंची ०.५ मि.मी. आणि रुंदी त्याहून जास्त असू द्या, उंच-बारीक खांब आडव्या ताणाने मुडपतात.

आता आकडे. १ चौरस सेंटिमीटर, ०.५ मि.मी. थर, सिलिकॉनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (मध्ये तो पदार्थ असला की कपॅसिटन्स कितीपट होतो ते) २.८ धरला तर कपॅसिटन्स सुमारे ५ पिकोफॅरड. खांबांमुळे अर्धी हवा आली की अजून कमी. पूर्ण भाराला १० टक्के बदल धरा, म्हणजे फार तर अर्धा पिकोफॅरड. कपॅसिटन्स मोजणारी एफडीसी१००४ सारखी चिप ०.५ फेम्टोफॅरडपर्यंत (फेम्टो म्हणजे पिकोचा हजारावा भाग) वाचते, तेव्हा तिला हे सोपं आहे. अडचण तारेची आहे. शील्ड नसलेली तार पायाजवळून जरा हलली तरी त्याहून मोठा बदल होतो. चिपचा शील्ड ड्राइव्ह वापरा, तारेच्या वर-खाली शील्डचा थर छापा, आणि चिप जितकी जवळ आणता येईल तितकी कमानीच्या बाजूला आणा.

त्या चिपला चार चॅनल आहेत आणि आयटूसीवरचा (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या बसवरचा) पत्ता एकच, बदलता येत नाही. आठ सेन्सरसाठी दोन चिप, म्हणजे दोन बस किंवा मध्ये मल्टिप्लेक्सर. हे पीसीबी बनवायच्या आधी लक्षात ठेवा. वेग सेकंदाला एकूण ४०० वाचनं, चार चॅनलला प्रत्येकी १००. चालण्याला पुरेसा.

वाकण्याचं गणित: थराच्या पृष्ठभागावरचा ताण म्हणजे जाडी भागिले वाकण्याच्या त्रिज्येची दुप्पट. १०० मायक्रॉनचं पेट ५ मि.मी. त्रिज्येला वाकलं तर १ टक्का, ५० मायक्रॉनचं तर अर्धा टक्का. छापलेल्या चांदीला तो अर्धा टक्का फार महत्त्वाचा आहे. आणि दोन सारख्या थरांच्या मध्ये छपाई ठेवली तर ती मधल्या, ताण नसलेल्या पातळीवर येते. जाळीवाले काका कार्बन वर मारतात त्याचा इथेही थोडा फायदा होतो.

---

जाळीवाला

कालवाकाठचे भाऊ बरोबर बोलतायत. ५० मायक्रॉन पेट छापता येतं, फक्त ओव्हनमधून निघताना कडा वळतात. टेबलाला व्हॅक्यूम हवा. आमच्याकडे आहे.

---

रसायन_कट्टा

सिलिकॉनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. मी पॉलिमरवाला.

प्लॅटिनमने पक्कं होणारं दोन भागांचं सिलिकॉन घेणार असाल, मग ते १० ला १ प्रमाणातलं सिलगार्ड १८४ असो की समान भागांचं इकोफ्लेक्स, त्याचा शत्रू गंधक. अमाइन आणि कथिलाची संयुगंही. लेटेक्सचे हातमोजे घालून साच्याला हात लावला की नेमक्या बोटांच्या जागी सिलिकॉन चिकट राहतं, कितीही तापवा. नायट्राइलचे मोजे घाला. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या ताज्या साच्यातही हेच होतं. साचा धुऊन, अतिनील प्रकाशात आणि ओव्हनमध्ये नीट पक्का करून, वर अडथळ्याचा थर द्यावा लागतो. अॅक्रिलिकची शीट लेझरने कोरून केलेला साचा या कामाला बरा, खांबांसाठी भोकं थेट कोरता येतात.

आता चपलेच्या दृष्टीने महत्त्वाचं: तुमचं एमसीआर गंधकाने व्हल्कनाइझ केलेलं (गंधकासोबत तापवून पक्कं केलेलं) असेल तर त्याच्यावर थेट सिलिकॉन ओतू नका. जिथे चिकटायला हवं तिथेच ते ओलं राहील. सिलिकॉन वेगळं पक्कं करा, मग बसवा. आणि पेटला सिलिकॉन असंच चिकटत नाही, प्राइमर लागतो किंवा पृष्ठभागावर प्लाझ्मा मारावा लागतो.

मिसळल्यावर बुडबुडे काढायला व्हॅक्यूम डेसिकेटर वापरा. भांडं मोठं घ्या, मिश्रण फुगून दुप्पट-तिप्पट वर येतं. सिलगार्ड १०० डिग्रीला ३५ मिनिटांत होतं, खोलीच्या तापमानाला ४८ तास घेतं. पण प्रत्येक खेपेला तापमान आणि वेळ तोच ठेवा. कमी-जास्त भाजलं की रबराचा कडकपणा बदलतो आणि रेवांना हवा असलेला नगानगातला सारखेपणा इथेच हातचा जातो.

---

रेवा

रसायन_कट्टा, गंधकाचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. फार मोठं काम वाचवलंत.

घाम आणि हवा यावर अजून कोणी बोललं नाही, आणि मला तीच गोष्ट सर्वांत अवघड वाटते. खांबांच्या मध्ये हवा आहे. सगळ्या कडा बंद केल्या तर ती कोंडलेली हवा स्वतःच दाबाला विरोध करते, पाय गरम झाला की प्रसरण पावते, आणि शून्याचं रीडिंग हलतं. म्हणून तयार मिळणाऱ्या फोर्स सेन्सिंग रेझिस्टरमध्ये शेपटीतून हवेला बारीक वाट ठेवलेली असते. आपण ती वाट ठेवली तर तिथूनच घामाची वाफ आत शिरणार. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास, सिलिकॉनचा ३ च्या आत. आत ओल धरली की सेन्सरला वाटणार पायावर पोतं ठेवलंय.

माझा विचार असा: आठही सेन्सरच्या हवेच्या वाटा पेटच्या आतूनच एकमेकांना जोडायच्या आणि कमानीखाली, जिथे भार नाही, तिथे एक सपाट पोकळी ठेवायची. टाच दबली की तिथली हवा कमानीत जाईल, बाहेर काहीच उघडं नाही. आणि एक नववा सेन्सर, ज्यावर कधीच भार येत नाही, तो तिथेच छापायचा. तापमान आणि ओल यांनी तो जेवढा हलेल तेवढं बाकीच्यांतून वजा.

---

कालवाकाठचा

नवव्याची कल्पना आवडली. पण कमानीखालचं तापमान आणि चवड्याखालचं तापमान एक नसतं, वजाबाकी अर्धवटच होईल. चवड्यापाशी आणि टाचेपाशी एकेक छोटा थर्मिस्टर (तापमान मोजणारा रोध) टाका.

आणि कॅलिब्रेशन चकतीने एकेक करून पुरणार नाही. पूर्ण इनसोल एका सपाट पेटीत ठेवून वर रबरी पडदा, पडद्यामागे हवा भरायची. सगळ्या सेन्सरवर एकाच वेळी एकच दाब. २०० किलोपास्कल म्हणजे सुमारे २९ पीएसआय, मोटारीच्या टायरमध्ये भरतो जवळपास तेवढा. पायाने मारायचा पंप आणि चांगला गेज एवढ्यावर होतं. पेटीचं झाकण मात्र जाड प्लेटचं आणि चांगल्या बोल्टांचं करा: २०० चौरस सेंटिमीटरच्या इनसोलवर तेवढ्या दाबाला ४०० किलोंहून जास्त जोर झाकण वर उचलत असतो. हवेऐवजी पाणी भरलं तर फुटलं तरी धोका कमी.

---

सुमेधा_फिजिओ

थर्मिस्टर टाकताच आहात तर त्याचा दुसराही उपयोग सांगते. दोन्ही पायांच्या त्याच जागांच्या तापमानात २.२ डिग्री सेल्सिअसपेक्षा जास्त फरक दिवसेंदिवस टिकला तर ती जखमेच्या आधीची सूचना धरतात. म्हणजे दोन्ही चपलांत बसवा, एकाच पायात नको.

आता माझी काळजी. वर सगळे थर वाचत गेले: पेट, सिलिकॉन, पेट, शील्ड, थर्मिस्टर, प्लाझ्मा. पेशंटच्या पायाला हे सगळं कसं लागणार? मोज्याची शिवण रुतूनसुद्धा जखम झालेली मी पाहिलीय. तुमच्या सेन्सरची कड अर्धा मिलिमीटर जरी वर आली, तरी जिथे दाब आधीच जास्त तिथेच तुम्ही अजून एक टेकू देताय. चकती वगैरे टेबलावर ठीक, चपलेत कुठलीही कडक वस्तू चालणार नाही.

आणि ॲपमध्ये लाल-हिरवा दिवा दाखवणार असाल तर आमच्या दृष्टीने ते वैद्यकीय उपकरण झालं. १ एप्रिल २०२० पासून अशी सगळी उपकरणं २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सखाली येतात. पेशंटला देण्याआधी एथिक्स कमिटी आणि परवान्याचं पाहा. संवेदना नसलेला माणूस 'टोचतंय' म्हणून तक्रार करणार नाही. निरोगी माणसावरची चाचणी इथे पुरेशी नाही, पण निरोगी माणसाला टोचलं तर तो सांगेल म्हणून आधी त्याच्यावरच करा, आणि दर काही मिनिटांनी पाय काढून तळवा बघा.

---

रेवा

सुमेधा, हे मी प्रिंट काढून टेबलासमोर लावणार आहे.

मग मांडणी उलटी करते. सगळे थर वर चढवण्याऐवजी एमसीआरच्या खाली, चपलेच्या कडक तळाच्या वर. एमसीआर रबराचा कडकपणा मोजायच्या शोअर ए मापावर साधारण १५, म्हणजे मऊ. पायाला फक्त तेच लागेल, त्याच्यावर काही चिकटवायचं नाही, आणि सिलिकॉनचा गंधकाशी संबंधही उरत नाही. किंमत ही की मऊ थरातून खाली येताना दाब पसरतो, शिखर बोथट होतं. म्हणजे खाली मोजलेले २०० हे वर पायाला २०० पेक्षा जास्त असणार. किती जास्त ते प्रत्येक जाडीच्या एमसीआरसाठी मोजून ठेवावं लागेल: वर एक पातळ संदर्भ सेन्सर, खाली आपला, वेगवेगळ्या व्यासाच्या मऊ गोल टोकांनी दाबून. आणि एमसीआर वापराने चपटं होत जातं, तेव्हा हे माप कायम राहणार नाही. सेन्सर बदलण्याआधी एमसीआर बदलायची वेळ येईल.

टिकाऊपणाचा अंदाज: दिवसाला ५,००० पावलं धरली तर एका पायाला २,५००, वर्षाला ९ लाखांहून जास्त. डेटाशीटमध्ये कोटीभर दाबांची हमी असते, पण ती यंत्राने सरळ खाली दाबून घेतलेली. पाऊल टाकताना आणि उचलताना थर एकमेकांवर घासले जातात, त्याची चाचणी आपल्यालाच करावी लागेल. कोणाकडे जुनं शिवणयंत्र मोटरसह असेल तर सांगा, सुईच्या दांड्याला तिरकं टोक बसवून पाहायचंय.

---

ईअँडटीसी_थर्ड_इयर

ताई, ओळी ग्राउंड करून आणि ऑप-ॲम्प लावून चौथा कोपरा गेला! वाहकतेचा आलेखही सरळ आला. अर्ध्या तासाचा आलेख आता लावलाय. मोटरवालं शिवणयंत्र माझ्या मावशीकडे आहे, फॉल-पिकोचं काम बंद केल्यापासून पडून आहे, विचारते.

---

जाळीवाला

ताई, थर खाली गेले तर माझं काम सोपं झालं. आर्टवर्क पाठवाल तेव्हा तीन गोष्टी करून पाठवा. वरचा आणि खालचा इलेक्ट्रोड एकाच मापाचा ठेवू नका, खालचा चारी बाजूंनी १ मि.मी. मोठा घ्या, म्हणजे चिकटवताना थोडं सरकलं तरी समोरासमोरचं क्षेत्र तेच राहतं. कोपरे सगळे गोल, निदान ३ मि.मी. त्रिज्येचे, डायकटिंगला काटकोन असला की पेट तिथूनच फाटतं. आणि प्रत्येक शीटवर इनसोलच्या बाहेर एक सुटा सेन्सर आणि एक १० सेंटिमीटर लांब सरळ रेघ छापू. रेघेचा रोध मोजून त्या शीटची शाई कळेल, सुटा सेन्सर कापून तुमच्या पेटीत फाडेपर्यंत दाबा.

डाव्या पायाचं आर्टवर्क उलटं करून उजवा बनवू नका, शेपटी कुठून निघते ते आधी दोन्ही चपलांवर ठेवून बघा. पट्टा जिथे शिवलाय तिथेच ती आली तर चप्पल शिवणाऱ्याची सुई सर्किटमधून जाईल.